दादा चाळिशीचा, आणि सगळे विचारतात "शाळा सुरू झाली का त्याची?"

लॉकडाऊनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांचं काय झालं असा विषय निघाला की लोक पटकन ऑनलाइन शाळेवर येतात. शाळा? माझा दादा 2020 ला चाळीस वर्षांचा होता, कानाजवळ केस पांढरे झालेले, आणि तरी खालच्या मजल्यावरच्या काकू मला विचारायच्या, "त्याची शाळा मोबाइलवर असते का गं?" म्हणून ही गोष्ट जनता कर्फ्यूच्या थाळ्यांपासून सुरू करून उपयोग नाही, बरंच मागे जावं लागतं.

आम्ही ठाण्याचे, नौपाड्यातले. "याला ठाण्याला नेऊन टाका" हा विनोद आम्ही लहानपणापासून ऐकतोय, तो ज्या मनोरुग्णालयावरून आला ते 1901 चं. दादा जन्मला 1980 ला, तेव्हा कायदा चालू होता 1912 चा इंग्रजांचा, ज्यात वेडा कोण याच्या व्याख्येतच मतिमंद माणूसही धरलेला, म्हणजे आजार वेगळा आणि अक्षमता वेगळी हे कायद्याला माहीतच नव्हतं. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व त्यातून बाहेर काढलं. चांगलंच झालं, पण एका यादीतून काढलं आणि दुसऱ्या कुठल्या यादीत घातलंच नाही, त्यासाठी 1995 चा अपंग कायदा यावा लागला.

आणि त्या कायद्यातली मोफत शिक्षणाची हमी अठरा वर्षांपर्यंत. पुढे काय? पुढे आईबाप. आपल्या भागात जे काही उभं राहिलं ते बरंचसं पालकांनी वर्गणी काढून, जागा शोधून उभं केलंय, बदलापूरचं 'आधार' तसंच, मोठ्या झालेल्या मुलांना कायमचं राहता यावं म्हणून पालकांनीच 1990 च्या सुमाराला सुरू केलेलं. "आमच्या माघारी याचं कोण" हा प्रश्न सरकारला ऐकू आला 1999 ला, नॅशनल ट्रस्ट कायदा झाला तेव्हा, ज्यात अठरानंतरही पालकत्व देता येतं आणि ते ठरवणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. 2016 च्या कायद्याने सात अपंगत्वांची एकवीस केली आणि शब्दही बदलले, मतिमंदचं गतिमंद तर लोकांनी आधीच केलं होतं. काकूंचं 'शाळा' मात्र तसंच राहिलं.

दादाची शाळा 1998 लाच संपली, मग कार्यशाळा, म्हणजे अशा मोठ्या झालेल्यांना बसून छोटी कामं करता येतात ती जागा. उटण्याची पाकिटं, पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, राख्या. महिन्याला हातात पडतं ते मानधन सांगण्यासारखं नाही, पण पैसा हा मुद्दाच नाही. सकाळी नऊला टीएमटीची बस, डबा, शेजारी बसणारा मित्र, परत येताना तलावपाळीला शेंगदाणे, एवढ्यावर एका माणसाचा अख्खा दिवस उभा असतो. मार्च 2020 ला हे सगळं एका आठवड्यात गेलं आणि त्याला कोणी काही समजावलं नाही, म्हणजे आम्ही समजावलं, पण व्हायरस दिसत नाही ना. तो रोज नऊला पिशवी खांद्याला लावून दारात उभा राहायचा. जून संपला की बघू असं मी बोलून बसले होते, आणि ठाण्यात 2 जुलैपासून परत लॉकडाऊन लागला, 19 पर्यंत, त्या दिवसापासून त्याने माझ्यावरचा विश्वासच काढून घेतला. बरोबरच होतं त्याचं.

पैशाचं पण सांगते, कारण इथे टक्केवारीचा घोळ आहे. बौद्धिक अक्षमतेचा दाखला मोजून मिळतो, सौम्य असेल तर 50 टक्के, मध्यम 75, तीव्र 90, अतितीव्र 100. केंद्राची अपंग पेन्शन, महिना 300 रुपये, मिळते 80 पासून पुढे. म्हणजे मध्यमवाले पाच टक्क्यांनी बाहेर! दादाच्या कार्यशाळेतला एक मित्र, आई घरकाम करते, रेशनकार्ड दारिद्र्यरेषेखालचं, दाखला 75 चा. लॉकडाऊनमध्ये केंद्राने दिव्यांगांना दोन हप्त्यांत 1000 रुपये जाहीर केले ते या पेन्शनच्या यादीवरच्या लोकांना, त्यामुळे त्याला शून्य. राज्याचं संजय गांधी निराधार चालू होतं म्हणून निभावलं.

मग आई पॉझिटिव्ह आली. वॉर्डात नातेवाईक नाही, ठीक आहे, नियम होता. पण आई एकाहत्तर, बाबा चौऱ्याहत्तर, दादाची दाढी बाबा करतात, आंघोळ आई घालते, आता ते सगळं मी, आणि तो मला हात लावू देईना. चौदा दिवस. जास्त लिहीत नाही.

ब्रिटनमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात ते आपल्या बौद्धिक अक्षमतेला (आपल्याकडे तोच शब्द डिस्लेक्सियाला वापरतात, त्यामुळे बातम्या वाचताना गोंधळ होतो). तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने नोव्हेंबर 2020 ला इंग्लंडचे आकडे काढले, पहिल्या लाटेत या लोकांचा मृत्युदर इतरांच्या जवळपास चार ते सहा पट, आणि 18 ते 34 वयात तर 30 पट. त्यावरून ओरड झाली आणि फेब्रुवारी 2021 ला डॉक्टरांच्या रजिस्टरवर असलेल्या अशा सगळ्या मोठ्यांना लशीसाठी पुढे घेतलं. आपल्या रोजच्या बुलेटिनमध्ये बाधित, बरे झालेले, मृत. दिव्यांग असा रकानाच नव्हता, मग ओरडणार कशावरून?

तरी 1 मार्च 2021 ला आपल्याकडच्या सहव्याधींच्या यादीत बौद्धिक अक्षमता होती हे मान्य करायला पाहिजे. फक्त वय 45 च्या पुढे हवं. दादा एक्केचाळीस. 1 मेला अठराच्या पुढच्यांचं सुरू झालं, तर स्लॉट डोळ्यासमोर संपायचे, मग तुटवडा म्हणून राज्याने मेमध्येच ते थांबवलं आणि जूनमध्ये परत उघडलं. जूनच्या शेवटी नंबर लागला. टेबलावरच्या ताईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "वय काय ह्याचं?" दादाच म्हणाला, एक्केचाळीस. सुई बघून नंतर रडला, पण वय त्यानेच सांगितलं.