गाडी चालवताना फोन : ही सवय महामार्गावर आली कशी?

गाळपाचा हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्यातल्या पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा या रस्त्यावर अंधार पडल्यावरही उसाची वाहतूक चालूच असते. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. आणि मागून येणारा दुचाकीवाला मान वाकडी करून, खांद्यावर फोन दाबून बोलतोय. दर वेळी पोटात गोळा येतो.

पूर्वी फोन एका जागेला बांधलेला होता. बोलायचं तर गाडी बाजूला घेऊन एसटीडी बूथमध्ये शिरावं लागायचं. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, म्हणून लोक मिस कॉल द्यायचे आणि सवडीने बोलायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. साधारण त्याच काळात पुणे-बेंगळुरू महामार्ग सातारा, कराडकडे चौपदरी होत होता. रस्ता रुंद झाला, वेग वाढला आणि बोलायला आडकाठी उरली नाही. सवयीचं मूळ मला इथे दिसतं. लोक एकाएकी बेफिकीर झाले, असं मी मानत नाही.

धोका मात्र त्याआधीच कळला होता. १९९७ मध्ये टोरांटोच्या रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी अपघात झालेल्या चालकांच्या फोन-बिलांच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला. हँड्सफ्री वापरणारेही त्यातून सुटले नव्हते. हे आजही अनेकांना पटत नाही. शेजारी बसलेला माणूस खंबाटकी घाटातलं वळण आलं की आपसूक गप्प होतो. फोनवरच्याला वळण दिसत नाही, तो विचारत राहतो, "बँकेच्या हप्त्याचं काय केलंस?" डोळे रस्त्यावर असतात, पण पुढे थांबलेला ट्रक डोक्यात शिरत नाही.

मेसेज टाइप करणं तर त्याहून घातक. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात ट्रकचालकांची नजर मेसेज करताना सहा सेकंदांतले ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ताशी ८० च्या वेगात तेवढ्या वेळात गाडी शंभर मीटर जाते. बोगद्यातून पुण्याकडे निघताना ज्याने खंबाटकीचं एस वळण घेतलंय, त्याला शंभर मीटर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

कायदा मागून आला. १९८८ चा मोटार वाहन कायदा झाला तेव्हा देशात मोबाईलच नव्हता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने अशा चालकाचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करायला राज्यांना सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेला फोन कलम १८४ मध्ये आला. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. मधेच, ऑक्टोबर २०२० पासून, लक्ष विचलित न होता रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायची मुभाही मिळाली. म्हणजे कायदा हात बघतो. ब्लूटूथ लावून तासभर भांडणाऱ्याला चौकातला पोलीस कसा पकडणार?

केंद्राच्या अहवालानुसार २०२१ मध्ये फोनमुळे १,९९७ अपघात झाले, १,०४० माणसं गेली. मला हा आकडा कमी वाटतो. गाडी धडकली त्या क्षणी फोन चालू होता, हे पंचनाम्यात कोण सांगणार?

आणि तो फोन बहुतेक वेळा घरूनच आलेला असतो. "कुठवर आलायस रं?" काळजीपोटीच विचारलेलं. आमची आई हल्ली वाटेत फोन करत नाही. निघतानाच दारात येऊन म्हणते, "पोचल्यावर कर." मग रात्री साडेदहापर्यंत फोन मांडीवर घेऊन बसून राहते.