नवोदयची सहावी: गाईड आणण्याआधी कागदं तपासा

पाचवीतल्या मुलाला नवोदयला बसवायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी गाईड येतं, मग सराव प्रश्नपत्रिका, जमलं तर शिकवणी. अर्ज मात्र 'नेट कॅफेवाला भरून देईल' म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. परीक्षेत चांगले गुण पडूनही प्रवेशाच्या वेळी दाखल्यात अडकणारी मुलं असतात, आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पुढच्या वर्षी पुन्हा बसू, ही सोय नाही. म्हणून इथे अभ्यासाबद्दल थोडं आणि कागदांबद्दल जास्त लिहिलं आहे.

जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची सहावी ते बारावीची निवासी शाळा, सीबीएसई मंडळाची. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना उभी राहिली. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेल्या पहिल्या दोन शाळांपैकी एक हरियाणात झज्जरला होती, दुसरी आपल्या अमरावतीत. आज देशात साडेसहाशेहून जास्त विद्यालयं आहेत, तमिळनाडूने मात्र ती स्वीकारलेली नाहीत. शाळा साधारण जिल्ह्याला एक आणि बहुतेक ठिकाणी शहरापासून लांब: पुणे जिल्ह्याची पिंपळे जगतापला, अहिल्यानगरची टाकळी ढोकेश्वरला, सांगलीची पलूसला, कोल्हापूरची कागलला. गोव्यात काणकोण आणि वाळपई. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं हे सगळं मोफत. नववीपासून दरमहा ६०० रुपये विद्यालय विकास निधी घेतात, पण मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतली मुलं यांना तो माफ आहे. सरकारी नोकरदारांच्या मुलांसाठी दर वेगळा आणि जास्त आहे, तो माहितीपत्रकात पाहून घ्या.

आता पात्रता. मूल त्या वर्षी पाचवीत शिकत असलं पाहिजे, शाळा सरकारी किंवा मान्यताप्राप्त हवी, आणि ती ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करता येतो. पालकांचा रहिवासही त्याच जिल्ह्यातला लागतो. मूल आजोळी शिकतंय आणि आई-बापाचं आधार दुसऱ्या जिल्ह्याचं, अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांनी हे आधी निस्तरावं. वयाची अट सगळ्या प्रवर्गांना एकच, त्यात कोणालाही सूट नाही. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या काळातला हवा होता. दर वर्षी ही खिडकी एकेक वर्षाने पुढे सरकते.

तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खंड न पडता, पूर्ण शैक्षणिक सत्र शिकलेली असावी लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे नीट लक्षात घ्यावं. दिवाळीनंतर मूल फडावर गेलं आणि शाळेतलं वर्ष तुटलं, तर पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून हजेरी सलग राहील, अशी व्यवस्था तिसरीपासूनच लावावी लागते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ग्रामीण-शहरी या एका रकान्यात. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण मुलांसाठी. उरलेल्या जागांवर शहरी आणि ग्रामीण दोघंही गुणवत्तेने येतात. त्यामुळे ग्रामीण गणलं जाणं ही मोठी गोष्ट आहे. पण ग्रामीण म्हणजे घर गावात असणं नव्हे. तिसरी, चौथी, पाचवी या तिन्ही इयत्ता ग्रामीण भागातल्या शाळेत झालेल्या हव्यात. या तीन वर्षांत एक दिवस जरी मूल शहरी भागातल्या शाळेत शिकलं, तरी ते शहरी धरलं जातं.

आपल्याकडे हे कसं अंगाशी येतं ते बघा. वस्तीवरची जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मुलाला तालुक्याच्या हायस्कूलला घातलं. तालुक्याला आपण 'गाव'च म्हणतो, बाजार, एसटी स्टँड, ओढा सगळं गावासारखंच, पण कागदावर तिथे नगरपंचायत आहे. नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका, कटक मंडळ यांतलं काहीही असलं की तो भाग शहरी. गेल्या दहा-बारा वर्षांत राज्यातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांना नगरपंचायत मिळाली, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. शाळेच्या यू-डायस नोंदीत (सरकारकडे असलेल्या शाळेच्या माहितीत) ग्रामीण की शहरी काय लिहिलंय, ते मुख्याध्यापकांना विचारा. निवड झाल्यावर शाळा ग्रामीण भागातली असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला मागतात, तहसीलदार किंवा गटविकास अधिकाऱ्याचा. अर्जात ग्रामीण लिहिलं आणि दाखला मिळाला नाही, तर निवड रद्द होते. इथे कोणाची ओळख चालत नाही, चालूही नये.

आरक्षणाचं गणित केंद्राचं आहे. किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी. अनुसूचित जाती आणि जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, पण अनुक्रमे १५ आणि साडेसात टक्क्यांपेक्षा कमी नाही. ओबीसींना २७ टक्के, केंद्राच्या यादीप्रमाणे. 'केंद्राच्या यादीप्रमाणे' हे शब्द महाराष्ट्रातल्या पालकांनी दोनदा वाचावेत. आपल्याकडे विमुक्त जाती, भटक्या जमाती अ-ब-क-ड, विशेष मागास प्रवर्ग असे राज्याचे वेगळे गट आहेत. नवोदयच्या अर्जात ते रकाने नाहीत. त्यांतल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत, आणि आपली जात त्या यादीत सापडली तरच ओबीसी निवडायचं. राज्याचं एसईबीसी (मराठा समाजाचं) आरक्षण इथे लागू नाही. कुणबी केंद्राच्या यादीत आहे. जातीचा दाखला हातात असला तरी केंद्राच्या नमुन्यातलं, नॉन-क्रीमी लेयरसह असलेलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. सेतूत जाऊन नुसतं 'नॉन-क्रीमी लेयर द्या' म्हटलं, तर राज्याचा नमुना हातात पडतो. 'केंद्र सरकारसाठी' असं स्पष्ट सांगा. निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत हे काम उरकलेलं बरं.

प्रत्यक्ष अर्ज ऑनलाइनच आणि फुकट आहे. नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर साधारण जून-जुलैमध्ये तो खुला होतो. कॅफेवाला घेईल ती त्याची मजुरी, समितीची फी नव्हे. आधी संकेतस्थळावरून प्रमाणपत्राचा नमुना छापून घ्यायचा. त्यात मुलाची माहिती भरायची, फोटो लावायचा, मूल आणि पालक दोघांनी सह्या करायच्या आणि पाचवीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्यायचा. मग हे प्रमाणपत्र, मुलाचा फोटो, दोघांच्या सह्या, आणि आधार किंवा रहिवासी दाखला स्कॅन करून चढवायचा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत शिक्का पुसट येतो आणि फाईल मर्यादेपेक्षा मोठी होते, म्हणून स्कॅनरच वापरा.

मुख्याध्यापकांकडे जाताना जन्मदाखला आणि आधार सोबत न्या. शाळेच्या जनरल रजिस्टरातलं नाव आणि जन्मतारीख, आधारवरची आणि जन्मदाखल्यावरची, अशी तिन्ही कागदं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकात 'वैष्णवी', दुसऱ्यात 'वैश्नवी', किंवा पहिलीला घालताना गुरुजींनी अंदाजे घातलेली १ जून ही तारीख, हे तिथे लगेच दिसतं. आधारची दुरुस्ती आठ-पंधरा दिवसांत होऊ शकते, रजिस्टरातली दुरुस्ती मात्र वरिष्ठ कार्यालयाच्या मंजुरीशिवाय होत नाही आणि तिला वेळ लागतो. अर्जाची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस मिळतात, पण त्यात लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचं माध्यम एवढंच बदलता येतं.

परीक्षेबद्दल थोडक्यात. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २०, भाषेचे २०. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण, चुकल्यास गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. निळा किंवा काळा बॉलपेन, पेन्सिल चालत नाही. मराठी माध्यम निवडता येतं. बुद्धिमत्तेत सगळ्या आकृत्याच असतात: वेगळी आकृती, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, घडी घालून छिद्र पाडलेला कागद. शिष्यवृत्तीची तयारी केलेल्या मुलांना त्या परक्या वाटत नाहीत. महाराष्ट्रात २०२६-२७ च्या प्रवेशासाठी परीक्षा १३ डिसेंबर २०२५ ला झाली. त्याआधीची दोन वर्षं ती जानेवारीत झाली होती.

शाळेतून पुढे काय निष्पन्न होतं, हे विचारणं रास्त आहे. सीबीएसईच्या २०२५ च्या दहावीच्या निकालात देशाची सरासरी ९३.६६ टक्के होती, नवोदयची ९९.४९. बारावीत ८८.३९ विरुद्ध ९९.२९. पण ही चाळणीतून आलेली मुलं आहेत, त्यामुळे सगळं श्रेय शाळेला देऊ नये आणि आपल्या गावच्या शाळेशी या आकड्यांची तुलना तर मुळीच करू नये. माझ्या मते नवोदयचं खरं वैशिष्ट्य नववीत दिसतं. तिथल्या साधारण ३० टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयात पाठवतात. आपली मुलं हिंदी पट्ट्यात जातात, तिकडची इकडे येतात. प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून याची लेखी हमी घेतली जाते. ती सही करण्याआधी घरात, विशेषतः मुलीच्या आजीशी, बोलून घ्या. नववीत 'नाही पाठवणार' म्हणून वाद घालण्यात अर्थ नसतो. सातवी-आठवीपर्यंत शिक्षण मातृभाषेतून चालतं, नंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रं हिंदीतून. अकरावीला सगळ्या शाखा प्रत्येक विद्यालयात नसतात, तेव्हा वाणिज्य किंवा कला हवी असेल तर आधी चौकशी करा.

निकाल लागल्यावर आलेली निवड तात्पुरती असते. विद्यालयात जन्मदाखला, तिसरी ते पाचवीचे शाळेचे दाखले, रहिवासाचा पुरावा, जात प्रमाणपत्र, ग्रामीण दाखला, वैद्यकीय तपासणी आणि स्थलांतराची हमी असं सगळं पडताळल्यावरच प्रवेश पक्का होतो. शाळा सोडल्याचा दाखला तोपर्यंत काढू नका. पहिल्या यादीत नाव नसलं तरी प्रतीक्षा यादीतून जागा भरतात, फोन बंद ठेवू नका.

सहावीत हुकलं तर आठवीत असताना नववीसाठी वेगळी परीक्षा देता येते. तिथे फक्त रिकाम्या झालेल्या जागा भरतात, त्यामुळे किती मुलं घेणार हे जिल्ह्यागणिक बदलतं. इंग्रजी आणि हिंदीचे प्रत्येकी १५, गणित आणि विज्ञानाचे प्रत्येकी ३५ प्रश्न असतात. आठवी त्याच जिल्ह्यात चालू असण्याची अट इथेही आहे.