यूएसआर-लोकलची हद्द कुठून आली

लिनक्सवर एकच सॉफ्टवेअर दोनदा ठेवता येतं, एक डिस्ट्रोच्या (डेबियनसारख्या तयार लिनक्स संचाच्या) पॅकेजमधलं आणि एक आपण सोर्समधून (मूळ कोडमधून) बांधलेलं, आणि ही सोय खुद्द लिनक्सपेक्षा जुनी आहे. बर्कलीच्या बीएसडी युनिक्सच्या काळात पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारं आणि त्याची नोंद ठेवणारं साधन) वगैरे काही नव्हतं, मूळ सिस्टम टेपवरून यायची आणि तिथल्या अ‍ॅडमिनने स्वतः कंपाइल केलेलं सगळं यूएसआर-लोकल (/usr/local) या फोल्डरमध्ये जायचं, लोकल म्हणजे 'आपल्या इथलं'. ग्नू प्रकल्पाच्या, बांधणीची तयारी करणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टनेही तोच डीफॉल्ट घेतला, म्हणून आजही प्रीफिक्स (बसवायची जागा) न देता मेक इन्स्टॉल ही कमांड मारली की फायली तिथेच जाऊन पडतात.

१९९३ ला डेबियन आलं, मग डीपीकेजी, आरपीएम हे पॅकेज मॅनेजर, आणि कुठली फाईल कुठल्या पॅकेजची याची पक्की नोंद राहायला लागली. म्हणजे एकाच डिस्कवर दोन मालक झाले, पॅकेज मॅनेजर आणि आपण. १९९४ च्या फाईलसिस्टम स्टँडर्डपासून ही वाटणी कागदावर आली आणि डेबियनच्या पॉलिसीत तर सरळ नियमच आहे की पॅकेजने यूएसआर-लोकलमध्ये फायली टाकायच्या नाहीत. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण त्याच्यामुळेच अपग्रेड झालं तरी आपण बांधलेलं शाबूत राहतं.

पण हद्द पडली ती फायलींची, शोधायच्या रस्त्यांची नाही. पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) यूएसआर-लोकल-बिन सहसा आधी येतं म्हणून आपलं व्हर्जन चालतं, ते ठीक, पण डेबियनवर प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणारा लिंकरसुद्धा यूएसआर-लोकल-लिब आधी बघतो, त्यामुळे तिथे त्याच एसओ-नेमची (लिंकर ओळखतो त्या नावाची) लायब्ररी ठेवून एलडीकॉन्फिग (लिंकरची यादी ताजी करणारी कमांड) चालवलं की पॅकेजमधले प्रोग्रॅमही गुपचूप तीच उचलतात.

पायथनमध्ये हे सगळ्यात जास्त चटका देतं. मी एकदा नवीन पायथन बांधला आणि यूएसआर-बिनमधली पायथन३ ची सिमलिंकच (दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवणारी फाईल) त्याच्याकडे वळवली, दुसऱ्या दिवशी अ‍ॅड-अ‍ॅप्ट-रिपॉझिटरी ही पॅकेजचे नवे स्रोत जोडणारी कमांड चालवली तर एरर, एपीटी-पीकेजी मॉड्यूल सापडत नाही. ते मॉड्यूल डिस्ट्रोच्या पायथन व्हर्जनसाठी कंपाइल केलेलं होतं, माझ्या नव्या पायथनला ते दिसणार कुठून! सिमलिंक परत जागेवर आणली आणि सगळं सुरळीत झालं. मेक ऑल्टइन्स्टॉल आहे ते यासाठीच, ते नुसत्या पायथन३ नावाला हात लावत नाही, पूर्ण व्हर्जनच्या नावानेच बसतं.

डेबियनने हा घोळ आधीच ओळखला होता. पायथन २.६ पासून त्यांनी आपल्या पायथनची मॉड्यूल्स साइट-पॅकेजेसऐवजी डिस्ट-पॅकेजेसमध्ये ठेवली, म्हणजे हाताने बांधलेला पायथन यूएसआर-लोकलमधलं साइट-पॅकेजेस वापरतो आणि दोघांची सरमिसळ होत नाही. तरी लोक सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लावून पिप (पायथनची मॉड्यूल्स बसवणारं साधन) चालवतच राहिले, म्हणून पुढे पीईपी ६६८ हा पायथनचा प्रस्ताव आला, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून सिस्टमच्या पायथनवर पिप इन्स्टॉल केलं की ते सरळ नकार देतं आणि व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं, स्वतंत्र वातावरण) बनवायला सांगतं.