गीतकाराचं नाव कुठे गळतं? नागपूरच्या गाण्यांमागचा रॉयल्टीचा हिशोब

गीतकारांना त्यांच्या हक्काची रॉयल्टी मिळवून देणाऱ्या संगीत-तंत्रज्ञान कंपन्या आता आपल्याकडेही काम करू लागल्या आहेत. परदेशात कोबाल्टसारखी कंपनी २००० सालीच उभी राहिली. अशा कंपनीची गरज का पडली, हे नागपुरात बसून नीट समजतं. कारण इथल्या गाण्याचा मोठा भाग चित्रपटाबाहेरचा आहे : भीमगीतं, दुय्यम कव्वालीचे (दोन पार्ट्यांमधले) सामने, वऱ्हाडी गाणी, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतली पदं.

या परंपरेत गीतकाराची नोंद गाण्यातच असायची. शेवटच्या अंतऱ्यात कवी आपलं नाव गुंफायचा आणि गायन पार्टी ते आदराने म्हणायची. पुढे कॅसेटी आल्या. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या जोडीने त्यांचेही स्टॉल लागू लागले. वेष्टनावर गायकाचा फोटो, कंपनीचं नाव ठळक आणि गीतकार बारीक अक्षरांत, कधी तोही नाही. व्यवहार एकरकमी मानधनाचा. आज त्याच गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा रीलवर फिरतो, तेव्हा नाव असलेला शेवटचा अंतराच गळून जातो.

कायद्याचा प्रवासही लांबलेला आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस १९६९ ची. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच, करारात वेगळं काही नसेल तर. हा निकाल चित्रपटगीतांपुरता होता. स्वतंत्र भीमगीत लिहिणारा, कुणाच्या नोकरीत नसलेला कवी तेव्हाही आपल्या शब्दांचा मालकच होता. तरी बाजारात सगळीकडे एकच रीत पडली : पैसे घ्या, सही करा, विषय संपला.

ती रीत २०१२ च्या दुरुस्तीने मोडली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी जोर लावला. २१ जून २०१२ पासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कराराने सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीला देता येतो. कागदावर ‘सर्व हक्क कायमचे’ लिहून घेतलं तरी तेवढा भाग रद्दबातल. चित्रपटगीताला एकच अपवाद आहे, चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणं. स्वतंत्र गाण्याला तोही नाही. आयपीआरएसची नव्या चौकटीत नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतर वाटप मार्गी लागू लागलं.

म्हणजे हक्क कागदावर आला. पैसे अडतात ते माहितीपाशी, आणि या कंपन्यांचं खरं काम तिथे आहे.

ऑनलाइन वाजणाऱ्या प्रत्येक गाण्यामागे दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक ध्वनिमुद्रण, दुसरी रचना म्हणजे शब्द आणि चाल. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. रचनेला आयएसडब्ल्यूसी : ‘टी’ हे अक्षर, नऊ अंक आणि एक तपासणी अंक. रचनाकाराला स्वतःचा आयपीआय क्रमांक. नागपुरातल्या स्टुडिओत गाणं झालं की कुणीतरी डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गाणी ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या, ॲपवरून ते चढवतो, आयएसआरसी आपोआप मिळतो आणि सगळ्यांना वाटतं नोंदणी झाली. रचनेची नोंद झालेलीच नसते. ध्वनिमुद्रणाचे पैसे चढवणाऱ्याच्या खात्यात येतात, रचनेचे पैसे धनी न सापडल्याने पडून राहतात.

दुसरी अडचण लिपीची. सोसायट्यांमध्ये रचनांची माहिती सीडब्ल्यूआर नावाच्या साच्यातल्या फाइलने जाते. मूळ रकाने रोमन अक्षरांचे, इतर लिपीतल्या शीर्षकासाठी वेगळी ओळ जोडावी लागते. आता ‘वऱ्हाडी’ रोमनमध्ये लिहून पाहा. कुणी ‘व्ही’ने सुरू करतो, कुणी ‘डब्ल्यू’ने. कुणी एक ‘ए’ लावतो, कुणी दोन. ‘विठ्ठल’ नावाचेही तसेच पाच प्रकार होतात. यंत्र त्यांना पाच माणसं समजतं. चांगली प्रणाली उच्चारावरून जवळची रूपं एकत्र आणते, आवाजाच्या ठशावरून ध्वनिमुद्रण ओळखते आणि ते आयएसडब्ल्यूसीला जोडते. शंका राहिली तर माणसाने तपासावं लागतं. मराठी न कळणारा माणूस तिथे बसवला तर चूक पक्की होते.

म्हणून गाणं चढवण्याआधीच स्टुडिओत वाटणीपत्र करावं. त्यात शीर्षक देवनागरीत आणि एकाच ठरलेल्या रोमन रूपात, प्रत्येकाचं पॅन कार्डावर आहे तसं नाव, आयपीआय, टक्केवारी, तारीख आणि सह्या. बेरीज १०० झालीच पाहिजे. एकाने ६० आणि दुसऱ्याने ५० नोंदवले की वाद मिटेपर्यंत रक्कम रोखली जाऊ शकते. संगीत कंपनीकडे रचनेचा हक्क असेल तर १०० रुपयांतले ५० तिचे, उरलेल्या ५० मध्ये गीतकार-संगीतकार साधारण निम्मे-निम्मे. पारंपरिक चाल घेतली असेल तर तसं स्पष्ट लिहावं. ती आपल्या नावावर लावणं चुकीचं आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रमांचंही पाहायला हवं. लग्नसमारंभातल्या गाण्यांना कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावून होणाऱ्या ऑर्केस्ट्राला किंवा झाडीपट्टीच्या नाटकाला ती नाही. सोसायटीचा परवाना काढला तरी गायलेल्या गाण्यांची यादी तिला द्यावी, नाहीतर ते पैसे नेमके कुणाचे हे ठरवायला आधारच राहत नाही.

जुन्या कॅसेटींच्या करारांत मात्र शोधण्यासारखं बरंच आहे. हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीचं असावं लागतं, तोंडी व्यवहार टिकत नाही. १० मे १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते, म्हणजे अशा अनेक गाण्यांचे हक्क केव्हाच कवीकडे परतले असणार. कवीच्या निधनानंतरही हक्क साठ वर्षं चालतो आणि वारस सोसायटीत नोंद करू शकतात. वाद झालाच तर मुंबई गाठायची गरज नाही. कलम ६२ प्रमाणे दावा लावणारा जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे नागपुरातच, तो दाखल करता येतो. घरातल्या ट्रंकेत पडलेला जुना स्टॅम्पपेपर, वही आणि कॅसेटचं वेष्टन त्यासाठी जपून ठेवा.