भावंडांना एकत्र ठेवणं (अनाथ मुलांचं पुनर्वसन)

आईवडील गेल्यावर मागे राहिलेल्या सख्ख्या-सावत्र भावंडांना दत्तक देताना किंवा फॉस्टर घरी (म्हणजे दत्तक न घेता काही काळ मूल सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे) पाठवताना एकाच घरात द्यायचं, त्यांची ताटातूट करायची नाही, याला भावंडांचं एकत्र पुनर्वसन म्हणतात. कागदावर हे सगळ्यांना मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची जी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली त्यात लिहिलंय की आधीपासून जीव लागलेल्या भावंडांना वेगळं करू नये, अपवाद फक्त अत्याचाराचा धोका किंवा मुलाच्या हिताचं दुसरं कारण असेल तर, आणि तेव्हाही गाठीभेटी चालू ठेवाव्यात. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यात ‘वाजवी प्रयत्न’ करा म्हटलंय, इंग्लंडच्या १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये ‘शक्य असेल तितपत’. सगळी मेख याच शब्दांत आहे.

कारण ताटातूट बहुतेक वेळा कोणी दुष्टपणाने करत नाही. दत्तक घेणाऱ्यांना हवं असतं तान्हं बाळ, तेही एकच, आणि इथे एक २ वर्षांचं तर दुसरं ९ वर्षांचं. फॉस्टर घरात जागा एकाचीच असते. संस्थेत मुलगे-मुलींचे विभाग वेगळे, म्हणजे एकाच आवारात राहूनही बहीणभाऊ एकमेकांना लांबूनच दिसणार. सावत्र असतील तर आडनाव वेगळं, फाइल वेगळी, आणि दोन फायली दोन टेबलांवर गेल्या की ही भावंडं आहेत हेच कोणाच्या लक्षात राहत नाही.

जुन्या काळी तर विचारच नव्हता. अमेरिकेत १८५४ ते १९२९ या काळात शहरांतली अंदाजे २ लाख मुलं रेल्वेने गावोगावी पाठवली (त्यातल्या कित्येकांचे आईवडील हयात होते), लोकांसमोर रांगेत उभी केली जायची, ज्याला जे आवडलं ते तो घेऊन जायचा, धाकटा एका स्टेशनावर आणि थोरला पुढच्या. याच्या अगदी उलट विचार १९४९ मध्ये ऑस्ट्रियातल्या इम्स्टला हर्मन ग्माइनरने केला. त्याने सुरू केलेलं एसओएस बालग्राम म्हणजे एक आई, एक घर, आणि सख्खी भावंडं शक्यतो त्याच घरात.

वाद होतो तो थोरल्या मुलावरून. पाहुणे धाकट्याला नाव विचारतात, तो बहिणीच्या तोंडाकडे बघतो, उत्तर तीच देते आणि वर सांगून टाकते की दिवा बंद केला तर हा झोपत नाही, औषध पाजताना नाक दाबू नका. स्वतः असते ९ वर्षांची. याला पेरेंटिफिकेशन म्हणतात, मुलानेच पालक होणं, आणि तिला तिचं बालपण मिळावं म्हणून दोघांना वेगळं करा असा सल्ला दिला जातो. मला हे उफराटं वाटतं. धाकटा नजरेआड गेला म्हणून काळजी जात नाही, उलट त्याला कोणी दिवा चालू ठेवला का हे विचारायलाही कोणी उरत नाही. ते काम मोठ्यांनी हळूहळू आपल्याकडे घ्यायचं असतं, आणि त्याला महिने लागतात. एक भावंड दुसऱ्याला मारत-छळत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वेगळं करणंच बरोबर.

वेगळं झाल्यावर भेटी नव्या पालकांच्या मर्जीवर येतात, कारण पूर्ण दत्तकविधानात बऱ्याच देशांत जुनं नातं कायद्याने संपतं. म्हणून भेटींचं आधीच लिहून ठरवतात, किती दिवसांनी, कुठे, कोण घेऊन येणार. लहान मुलाला ‘भेटवू कधीतरी’ यातलं काही कळत नाही, त्याला कॅलेंडरवर तारखेला गोल करून दाखवावा लागतो.