देशी स्थलशिल्प

जागेवर किंवा जवळपास मिळणारे दगड, माती व लाकूड वापरून आणि त्या प्रदेशात आपोआप उगवणाऱ्या वनस्पती लावून बाग, उद्यान वा मोकळा परिसर घडविण्याची पद्धती.

तिचा उगम कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक उद्यानतज्ज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० मध्ये मांडलेल्या ‘रानबागे’च्या कल्पनेपासून सुरुवात करतात. मात्र रॉबिन्सन यांचा भर फारशी निगा न राखता तगणाऱ्या काटक वनस्पतींवर होता आणि त्यांत परदेशी वनस्पती मुद्दाम धरलेल्या होत्या. त्यापेक्षा अमेरिकेतील स्थलशिल्पकार जेन्स जेन्सन (१८६०–१९५१) यांचे काम या पद्धतीला अधिक जवळचे आहे. शिकागोच्या युनियन पार्कमध्ये परदेशी रोपे जगेनात, तेव्हा १८८८ च्या सुमारास त्यांनी तेथे देशी रानफुलांची ‘अमेरिकन बाग’ केली. अशी रोपे तोवर कोणी मागितलीच नसल्याने रोपवाटिकांत मिळत नव्हती; जेन्सन यांनी गाडी जोडून रानातून ती स्वतः आणली. पुढे शिकागोच्याच कोलंबस पार्कमध्ये त्यांनी दगडाचे आडवे थर रचून धबधबे केले. त्या प्रदेशातील नदीकाठी खडक उघडा पडतो, तो असाच.

‘देशी’ कशाला म्हणावे, हा वाद याहून जुना आहे. वनस्पतींचा असा भेद इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हेन्स्लो यांनी १८३५ मध्ये मांडला. ‘देशी’ व ‘परकी’ या अर्थाच्या संज्ञा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढील दशकात कायद्याच्या भाषेतून उचलल्या. अमेरिकेत युरोपीय लोक येण्यापूर्वीची वनस्पती ती देशी, असे साधारणपणे धरतात. ब्रिटनमध्ये माणसाने आणलेल्या वनस्पतींतही इ. स. १५०० पूर्वीच्या व नंतरच्या असा फरक करतात. देशाची सीमा ही कसोटी तर त्याहून डळमळीत आहे. ब्राझीलमध्ये स्थलशिल्पकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी १९३५ च्या सुमारास रेसिफे शहरातील एका चौकात दूरच्या ॲमेझॉन खोऱ्यातील वनस्पती लावल्या, तर दुसऱ्या चौकात जवळच्या कोरड्या प्रदेशातील निवडुंग. देश एकच, पण स्थानिक म्हणावी ती दुसरी बाग. नाझी राजवटीत जर्मनीत देशी वनस्पतींचा आग्रह वंशवादाशी जोडला गेला, हेही विसरता येत नाही. म्हणून राष्ट्रापेक्षा माती, पाणी आणि शेजारी वाढणाऱ्या वनस्पतींचा समूह यांवरून निवड करणे अधिक सयुक्तिक होय. बियाणेही जवळचेच हवे. जात एकच असली, तरी दूरच्या बियांची रोपे वेगळ्या वेळी फुलू शकतात. देशी रोपांना पाणी लागतच नाही, हा समज चुकीचा आहे. मूळ धरेपर्यंत त्यांनाही पाणी द्यावेच लागते.

बांधकामात चुना वा सिमेंट न घालता रचलेली कोरडी भिंत महत्त्वाची. आठ युरोपीय देशांतील ही कला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. मोठे दगड तळाला घालतात. दोन्ही दर्शनी बाजू वर जाताना किंचित आत झुकवतात. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड येईल असे थर चढवतात. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जाते. ती बाहेर दिसावी म्हणून आडवी टाकली की भिंत देखणी दिसते, पण फुगते. मधली पोकळी बारीक दगडांनी हाताने ठासून भरतात, माती ओतत नाहीत; आणि ठरावीक अंतरावर दोन्ही बाजूंना जोडणारा आरपार दगड बसवतात. उतारावर अशा भिंतीच्या फटींतून पाणी निघून जाते, त्यामुळे मागच्या मातीत त्याचा दाब साठत नाही. फटींत शेवाळ व नेचे रुजतात. भिंत ढासळली, तर तेच दगड पुन्हा रचता येतात.