घरातली जुनी मूर्ती, चित्र, पोथी: पुरावशेष नोंदणी कोणी करायची, कशी करायची

नोंदणी केली की सरकार वस्तू उचलून नेतं, या भीतीपोटी अनेक घरांतल्या जुन्या मूर्ती कधी कागदावर येतच नाहीत. नोंदणीनंतरही मालकी तुमचीच राहते. उलट चोरी झालीच, तर वस्तू तुमची होती हे दाखवायला सरकारी कागद हाती असतो. सक्तीने संपादनाचा अधिकार केंद्र सरकारला आहे हे खरं; पण त्यासाठी मोबदला द्यावा लागतो, आणि नित्य पूजेअर्चेतल्या वस्तूंना हा अधिकार लागू नाही.

हे सगळं १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात येतं. तो १९७६ पासून लागू आहे. वस्तू किमान १०० वर्षं जुनी असली की ती पुरावशेष. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ७५ वर्षं पुरतात.

पण प्रत्येक जुनी वस्तू नोंदवावी लागत नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. दगड, धातू, भाजलेली माती, हस्तिदंत, लाकूड यांतली शिल्पं, कागद-कापडावरची चित्रं आणि सचित्र पोथ्या नोंदवायच्या. मोडीतले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), सनदा, नाणी यांना नोंदणी नाही. मात्र वयाच्या अटीत बसत असतील तर त्याही परदेशी नेता येत नाहीत; भाच्याला भेट म्हणून अमेरिकेला पाठवणंसुद्धा गुन्हाच.

नोंदवण्याजोगी वस्तू वारसाने किंवा खरेदीने हाती आली की १५ दिवसांत अर्ज करायचा. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे, विहित नमुन्यात. सोबत वस्तूचे स्पष्ट फोटो, मापं, वर्णन, ती कुठे ठेवली आहे ते, आणि तुमच्याकडे कशी आली ते. वाटणीपत्र, मृत्युपत्र किंवा परवानाधारक विक्रेत्याची पावती असेल तर जोडावी. पुढे मालकी बदलली तर तेही कळवावं लागतं. नोंदणी टाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

फोटोसाठी म्हणून मूर्ती चिंचेने घासू नका. कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. ते काढताना शाईसकट कागद जातो.

वस्तू संग्रहालयालाच द्यायची असेल तर आधी फोटोंसह पत्र लिहा. थेट गाठोडं घेऊन जाऊ नका. सगळ्या वारसांची लेखी संमती लागेल असं धरूनच चला, कारण एका भावाची हरकत आली की प्रकरण अडतं. दान की ठरावीक मुदतीची उसनवार, हे दानपत्रात किंवा करारात स्पष्ट हवं. "कायम प्रदर्शनात ठेवावं" अशी अट बहुतेक संग्रहालयं मानत नाहीत. त्यापेक्षा कागद सोपवण्याआधी त्यांच्या स्कॅन प्रती मागून घ्या.

शेतात नांगरताना काही सापडलं तर हा मार्ग नाही. तिथे १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा लागतो, आणि लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते.